संजीवनी, गामिनी, अमर : खेळाचा नियम कुणाच्या हाती?

२००८ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची चौथी आवृत्ती बाजारात आली आणि जुन्या खेळाडूंनी कपाळाला हात लावला. चार-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचे, एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे. सूत्रधाराने प्रसंग उभा करायचा, इतरांनी आपले पात्र काय करते ते तोंडाने सांगायचे आणि निकालाची शंका येईल तिथे फासे टाकायचे, असा हा खेळ. नव्या आवृत्तीने प्रत्येक पात्राला ठरावीक शक्ती नेमून दिल्या. काही हव्या तेव्हा, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदाच वापरायच्या. हे तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधले बटण दाबणे झाले, टेबलावरचा खेळ व्हिडिओ गेम झाला, अशी ओरड झाली आणि ती अजून पुरती थांबलेली नाही. दोन्हींचे नियम एकमेकांसारखे आहेत का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे सोपे आहे. पण सारखेपणा कशात आहे आणि कुठे संपतो, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या त्या भांडणापेक्षा आपल्याकडच्या मैदानाचा आणि पटाचा इतिहास जास्त कामाचा आहे. नियमांचे आकडे सगळीकडे सारखेच दिसतात. नियम कुणाच्या हाती आहे यावर खेळाची जात ठरते, असे माझे म्हणणे आहे आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा हुतूतूच्या, म्हणजे आजच्या कबड्डीच्या, इतिहासात आहे.

आधी वंशावळ पाहू, कारण तिथेच अर्धा वाद निकालात निघतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणक-जाळ्यावर विद्यार्थ्यांनी त्याच्या नकला लिहिल्या. १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ आले, त्यांच्यावरून १९८६ मध्ये जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला, आणि पात्राची पातळी, अनुभवाचे गुण, जखमा झेलण्याची आकड्यातली ताकद ही सगळी सामग्री घरोघरच्या टीव्हीवर पोहोचली. म्हणजे लेकराचे नाक आईसारखे आहे म्हणून आईने ते लेकराकडून उसने घेतले, असा चौथ्या आवृत्तीवरचा आरोप होता. मात्र सगळेच साम्य या एका घराण्यातून आलेले नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या यंत्रांतून ‘लाइफ’, ‘स्टेज’, ‘बॉस’ हे शब्द मराठी घरांत शिरले. त्यांतले तीन ‘लाइफ’ टेबलावरून आलेले नाहीत, ते नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या धंद्यातून आले. एका नाण्यात किती वेळ खेळू द्यायचे, हा गल्ल्याचा हिशेब होता. उलट जखमांचा आकडा आर्नेसनने आपल्या युद्धनौकांच्या खेळातून उचलला. नौका एका गोळ्यात बुडत नाही, मग कौतुकाने वाढवलेले पात्र एका फाशात का मरावे, अशी त्याच्या खेळाडूंची तक्रार होती. दोन वेगळ्या गरजांतून आलेले दोन नियम पुढे एकाच पडद्यावर शेजारी बसले आणि पाहणाऱ्याला ते सख्खे भाऊ वाटू लागले.

आर्नेसनच्याही मागे जावे लागते. प्रशियाच्या सैन्यात रायसवित्झ बापलेकांनी युद्धाचा खेळ तयार केला. बापाने तो १८१२ च्या सुमारास राजापुढे मांडला आणि मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे आणि मधे बसलेला पंच असा तो मामला होता. लष्करी शिस्तीच्या खेळात फासे कशाला, हा प्रश्न ज्याला पडेल त्याने वसईचा वेढा आठवावा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईच्या तटाखाली सुरुंग पेरले. काही वेळेवर उडाले आणि खिंडार पडले. काही मागाहून उडाले आणि हल्ल्यासाठी पुढे सरलेली मराठ्यांचीच माणसे त्यांत गेली. दारू, वात, ओल आणि घाई यांचा हिशेब कोणत्याही सेनापतीला नेमका मांडता येत नाही, म्हणून रायसवित्झने तो फाशावर सोपवला. पण फासा फक्त सुरुंग उडाला की नाही एवढेच सांगतो. पहिला धमाका झाल्यावर एखादा सरदार म्हणाला, ‘मी घटकाभर थांबतो, दुसरा उडू दे, मग आत शिरतो,’ तर त्याला उत्तर कोण देणार? पडद्यावरच्या खेळात थांबण्याची सोय करणाऱ्याने ठेवली असेल तरच तो थांबू शकतो. टेबलावर त्याला थांबता येते, तहाचा निरोप पाठवता येतो, शत्रूच्या दारूगोळ्याच्या कोठाराची चौकशी करता येते. वसईचा शेवटही केवळ तलवारीने झाला नाही. १६ मे रोजी अटी ठरल्या आणि पोर्तुगीजांना शस्त्रे व कुटुंबकबिल्यासह बाहेर पडायला आठ दिवसांची मुदत मिळाली. अशा शेवटासाठी नियमात आधी रकाना असावा लागत नाही, समोर बोलायला माणूस असावा लागतो.

प्रशियाच्या अधिकाऱ्यांनाही हे उमगले. रायसवित्झचे कोष्टक इतके किचकट झाले की १८७६ मध्ये वेर्दी द्यु वेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा, असे मांडले. चार वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याचे ‘स्ट्रॅटेगॉस’ हे पुस्तक आले. ते डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाच्या हाती लागले आणि १९६९ मध्ये त्याने मिनेसोटात नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक गावाचा खेळ मांडला. खेळाडूंना पलटणी देण्याऐवजी त्याने गावातल्या एकेका माणसाची भूमिका दिली. खेळाडूंनी लढाई सोडून भलतेच उद्योग केले, वेस्लीला पुढचे सगळे तिथल्या तिथे ठरवावे लागले आणि खेळ फसला असे त्याला वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा खेळायचा हट्ट धरला. त्यांच्यात आर्नेसन होता. पुढच्या पन्नास वर्षांचा खेळ या फसलेल्या डावातून निघाला, आणि त्यात नवे होते ते पंचाने प्रत्येक अनपेक्षित कृतीला दिलेले उत्तर.

आता आपल्या मैदानाकडे येऊ. हुतूतू महाराष्ट्रात गावोगाव खेळला जात होता आणि गावोगाव वेगळा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात त्याला लेखी रूप देण्याची धडपड सुरू झाली. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूच्या स्पर्धा भरवल्या आणि छापील नियमांवर सामने होऊ लागले. ही मंडळी लिहायला बसली तेव्हा त्यांच्यापुढे एकच खेळ नव्हता, तीन प्रकार होते, आणि तिन्हींत बाकी सारे जवळपास सारखे असून फरक होता तो बाद झालेल्या गड्याचे काय करायचे एवढ्याचाच. संजीवनीत समोरचा गडी बाद केला की आपला एक बाद गडी पुन्हा मैदानात येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसतो. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्याला परत येणे नाही. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नाही, बाद झाल्याचा गुण समोरच्याला मिळतो आणि गडी जागच्या जागी खेळत राहतो. व्हिडिओ गेमच्या कारागिरांना हे तिन्ही प्रकार चांगले ठाऊक आहेत. मेलेले पात्र साथीदारांच्या पराक्रमावर परत येते, किंवा डाव संपेपर्यंत मेलेलेच राहते, किंवा मरणाची नुसती गुणफलकावर नोंद होते. पडद्यावर मरणाचा हिशेब मुख्यतः या तीन तऱ्हांनीच मांडला जातो. वऱ्हाड-कोकणातल्या पोरांनी हे प्रकार संगणकाचा शोध लागण्यापूर्वी धुळीत खेळून पारखले होते.

तिन्हींतून संजीवनी टिकली, आणि ती का टिकली हे पाहण्यासारखे आहे. गामिनीत कस लागतो, पण पहिल्या दोन मिनिटांत बाद झालेला उत्तम गडी तासभर गवत उपटत बसतो आणि सामना किती वेळ चालेल याचा नेम नसतो. दिवसात सहा सामने लावायचे असलेल्या स्पर्धेला हे परवडत नाही. अमरमध्ये वेळ नेमता येतो, पण मैदान कधीच रिकामे होत नाही, त्यामुळे एकट्या उरलेल्या गड्याने डाव फिरवण्याची चुरस जाते. संजीवनीने दोन्ही साधले. हाच खेळ पुढे पसरत गेला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकांचा खेळ झाला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली ती टीव्हीसाठीच. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा, आणि तीन किंवा कमी गडी उरलेल्या संघाने पकड केली तर एक गुण जादा, हे नियम प्रेक्षक खुर्चीला खिळून राहावा म्हणून घडवले आहेत. चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले. एके काळी दम सुटला की नाही हे पंचाच्या कानावर होते. गडी मधेच श्वास घेऊन पुन्हा घुमतो आहे का, हे हेरण्यात चांगल्या पंचाची कीर्ती असे. आता बरेचसे काम घड्याळाने आणि पुन्हा दाखवलेल्या चित्राने उचलले आहे. एकाही संगणकी खेळाकडून काही उसने न घेता कबड्डी व्हिडिओ गेमच्या जवळ सरकली, ती पंचाच्या कानाकडून घड्याळाकडे गेल्यामुळे. चौथ्या आवृत्तीवर चिडलेल्या खेळाडूंची खरी तक्रारही हीच होती, फक्त त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवले.

पटावरच्या खेळांचा दाखला उलट्या बाजूने उपयोगी पडतो. मोक्षपटाचे नाते परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. हाती असलेले जुने पट मात्र फार तर अठराव्या शतकापर्यंत मागे जातात. याकोब श्मिट-मॅडसन या डॅनिश अभ्यासकाने २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात पश्चिम भारतातल्या अशा पटांवर प्रबंध लिहिला, त्यात मराठी वैष्णव पटांचाही विचार आहे. या खेळात अर्थाची रेलचेल आहे. प्रत्येक घरावर गुण किंवा दोष, शिडी चढवते, साप उतरवतो, शेवटी मोक्ष. पण खेळणाऱ्याला ठरवायचे काहीच नाही. कवड्या पडतील तसे जायचे. पंच नको, वाद नको. म्हणूनच तो संगणकावर जसाच्या तसा उतरतो, त्यातले काहीही मागे राहत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचेही थोडे असेच. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी एकशे वीस गोल पाने. डाव दिवसा मांडला तर पहिला मान रामाचा आणि रात्री मांडला तर कृष्णाचा. अर्ध्या रंगांत आकड्यांचा चढउतार उलटा. खिडकीबाहेर सूर्य आहे की नाही यावर हुकमत ठरणारा हा नियम कुणाही खेळ-कारागिराला हेवा वाटावा असा आहे. संगणकाला तो अवघड नाही, घड्याळ त्याच्या पोटातच असते. तेव्हा नियमात कथा आहे किंवा आकडे आहेत म्हणून तो टेबलाचा की पडद्याचा हे ठरत नाही. मोक्षपटात कथा भरपूर आहे आणि यंत्रपणाही पुरेपूर आहे.

लेखी नियमांची बाजू घेणारे इथे म्हणतील की गावठी सैलपणाचे हे कौतुक फुकाचे आहे. नियम छापले नसते तर कबड्डी वाडीबाहेर गेलीच नसती. हे मला मान्य आहे, आणि वसईच्या पूर्व पट्ट्याकडे पाहिले की ते जास्तच पटते. वालीव, सातिवली, गोखिवरे ही एके काळची ठाणे जिल्ह्यातल्या वसई तालुक्याची गावे; आज वालीव नाक्याभोवती औद्योगिक गाळ्यांची दाटी आहे आणि तिथे देशाच्या अनेक प्रांतांतली माणसे कामाला येतात. सगळे एकमेकांना ओळखत असतात तोवर पाड्याच्या मैदानावर नियम तोंडी चालतो. पंच आपलाच काका असतो आणि कालचा निकाल सगळ्यांच्या लक्षात असतो. अनोळखी माणसे समोरासमोर उभी राहिली की प्रत्येकाच्या गावचा हुतूतू वेगळा निघणार आणि पहिल्याच पकडीला भांडण लागणार. छापील नियम अनोळखी माणसांना एकत्र खेळवतो. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत निघाले, त्याच्या नावातच डाव युरोपी पद्धतीला जुळवून दिले आहेत असे सांगितले होते. देशी डावात राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्याची चाल खेळता येई, प्यादे शेवटच्या घरी पोहोचले की त्या घरच्या मोहऱ्याचा मान मिळवी; साहेबाशी खेळायचे तर हे सोडावे लागले. देवाणघेवाणीची ती किंमत होती आणि ती द्यावी लागते हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण छापताना काय गळते, तेही नोंदवून ठेवले पाहिजे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही आळीत लहान भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात. तो धावतो, शिवला जातो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. चप्पल तुटली, आईने हाक मारली तर ‘टाइम प्लीज’ म्हणून खेळ थांबतो, आणि ती हाक खरी होती की पळवाट हे तिथली पोरेच ठरवतात. या दोन नियमांना व्यायामशाळेच्या पुस्तकात जागा नाही, कारण कच्चा लिंबू कोण हे वयाच्या किंवा उंचीच्या आकड्यावर ठरत नाही. ते मुलाकडे पाहून ठरते. पडद्यावरच्या खेळात ‘सोपी पातळी’ असते, पण ती एकट्यासाठी असते. बाकीच्यांनी समजून घेऊन एकाला सूट देणे आणि तरीही आपापसात अटीतटीने खेळत राहणे, हे तिथे जमत नाही. टेबलावरचा सूत्रधार नेमके हेच करतो. नवख्याची चूक पोटात घालतो, मुरलेल्याची घालत नाही.

यावरचा सर्वांत जड आक्षेप न्यायाचा आहे. माणसाच्या हाती निर्णय दिला की पक्षपात आला. काकाचा पुतण्या बाद होत नाही, सूत्रधाराच्या मित्राचे पात्र मरत नाही, आणि यंत्राला मात्र कुणी नातेवाईक नसतो. हे खरे आहे, आणि हुतूतूचे नियम लिहिले गेले त्यामागे अशी भांडणे असणारच. वेर्दीच्या पद्धतीवरही हाच आक्षेप होता की, कोष्टक फाडून टाकले तर वरिष्ठ अधिकाऱ्याची लहर हाच नियम होईल. माझे उत्तर असे की, मोठ्या स्पर्धेत, पैशाच्या आणि मानाच्या सामन्यात यंत्राचा न्याय बरा; हरणाऱ्याला परत जाऊन पंचाला समजावता येत नाही, तेव्हा घड्याळच हवे. टेबलावर मात्र पंच आणि खेळाडू पुढच्या रविवारी पुन्हा समोरासमोर बसणार असतात. अन्यायी सूत्रधाराला शिक्षा एकच, पुढच्या डावाला कुणी येत नाही. ही शिक्षा लेखी नियमाहून जुनी आहे आणि बऱ्यापैकी चालते.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ हा २०२३ चा खेळ टेबलावरचेच नियम वापरतो, पडद्यावर फासा गडगडताना दाखवतो, आणि खेळाडूंच्या तऱ्हेतऱ्हेच्या कृतींना उत्तरे देतो. मग माणूस कशाला? त्या खेळाची कारागिरी थक्क करणारी आहे, यात वाद नाही. तरीही त्यातली प्रत्येक वाट आधी कुणीतरी बसून लिहिली आहे. खेळाडू अनेक वाटांतून निवड करतो, कुणी न लिहिलेली नवी वाट तो पाडू शकत नाही. आणि उद्या यंत्र नवी वाट तत्काळ जुळवू लागले, तरी त्या निर्णयाचे उत्तर देण्यासाठी टेबलापाशी कुणी बसलेले नसेल. मला निर्णायक वाटतो तो हा मुद्दा. यंत्र किती हुशार झाले याने त्यात फरक पडत नाही.

तेव्हा चौथ्या आवृत्तीबद्दल माझा निकाल असा की तिने संगणकाची नक्कल केली, हा आरोप खोटा आहे. तिने सूत्रधाराच्या हातातले काम काढून छापील शक्तींच्या चौकटीत घातले, हा आरोप खरा आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने त्यातले बरेच काम सूत्रधाराला परत दिले आणि खेळ पुन्हा पसरला. कबड्डीला असा परतीचा रस्ता बहुधा नाही, आणि लागणारही नाही. ती आता मोठ्या मैदानाची झाली आहे. वसई-विरारकडच्या वाचकांना मात्र एक सुचवावेसे वाटते. आपापल्या गावात जुना हुतूतू, आट्यापाट्या, विटीदांडू खेळलेली वडीलधारी माणसे अजून आहेत. ते कोण जिंकले हे सांगतीलच; त्यांना हेही विचारा की बाद गड्याचे काय करीत, वाद झाला तर शब्द कुणाचा चाले आणि कच्चा लिंबू कुणाला ठरवीत. उत्तरे वहीत गावाच्या नावासह उतरवून ठेवा. छापील नियमपुस्तकांत ती सापडणार नाहीत.